मुलाची बुद्धी किती गुणांची?

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी हातात कागद घेऊन आमच्याकडे आल्या. चेहरा पार उतरलेला. धाकट्याचे अभ्यासात लक्ष नाही म्हणून त्याची बुद्धिमापन चाचणी करवून घेतली होती, आणि कागदावर आकडा होता ९२.

"भाऊजी, थोरलीचा ११८ आला होता हो! आता याचे कसे व्हायचे?"

नऊ वर्षांचे ते पोर दारातच उभे. जाताना हळूच मला विचारतो, "काका, शंभराच्या आत म्हणजे नापास का?"

नापास कसला! हे शंभरापैकी मिळालेले गुणच नव्हेत. शंभर ही त्या वयाच्या मुलांची सरासरी, आणि ९० ते ११० या टप्प्यात जवळजवळ निम्मी मुले येतात. शिवाय चांगल्यातली चांगली चाचणीही पाचेक गुण इकडेतिकडे होणारच, असे धरून चालते. म्हणजे आमच्या या पोराचा खरा आकडा ८७ असेल किंवा ९७ही असेल. बाजारातला तराजू इतका हलू लागला तर आपण दुकानदाराशी भांडू. इथे मात्र त्या एका आकड्यावर मुलाची पत्रिका मांडून मोकळे होतो!

गंमत अशी की, ही चाचणी मुळात निघाली ती मागे पडणाऱ्या मुलांना हात देण्यासाठी. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमों यांनी १९०५ साली ती तयार केली. कोणत्या मुलाला वेगळ्या शिकवणीची गरज आहे, एवढेच त्यांना शोधायचे होते. बुद्धी जन्मजात ठरलेली, ती वाढायचीच नाही, असे म्हणणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात चांगलाच राग काढला आहे.

मग ही सारी मापे थोतांड समजावीत काय? तसेही नाही. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी अकरा वर्षांच्या ८७,४९८ मुलांची एकाच दिवशी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना १९९८ साली, म्हणजे सत्तरी उलटल्यावर, तीच चाचणी पुन्हा दिली. लहानपणी पुढे असलेले बहुतेक म्हातारपणीही पुढेच निघाले. बहुतेक, सगळे नव्हेत. शाळेतल्या यशाशीही या आकड्याचा बऱ्यापैकी मेळ बसतो. पण हजारो मुलांविषयी जे खरे, ते तुमच्या बंडूविषयी खरे असेलच असे नाही. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ पासून दीड हजारांवर अतिबुद्धिमान मुले चाचणीने निवडली आणि पुढे त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवले. त्या निवडीतून वगळलेल्यांत शॉक्ली आणि अल्वारेझ ही दोन मुले होती. पुढे त्या दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही!

शिवाय प्रश्न कोणाच्या घरातले, हेही पाहायला हवे. म्हणूनच डॉ. वि. वि. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. ती 'बिने-कामत' चाचणी आपल्याकडे कित्येक दशके चालली. पण मापही जुने होते. विसाव्या शतकात अनेक देशांत मुलांचे गुण दर दहा वर्षांनी सुमारे तीनने वाढत गेले, हे फ्लिन यांनी दाखवून दिले. तेव्हा जुन्या पट्टीने मोजले, तर आजचे मूल उगाचच हुशार ठरायचे.

वहिनींना मी विचारले, "त्या दिवशी तब्येत कशी होती त्याची?"

"आदल्या रात्री खोकत होता. धड झोप नव्हती."

मी कागद उलटला. मागच्या पानावर वेगवेगळ्या भागांचा तपशील होता. शब्दसंग्रहात पोर आपल्या वयाच्या पुढे. ऐकलेले आकडे लक्षात ठेवण्यात मात्र बरेच मागे. तोंडी सांगितलेल्या बेरजा त्याच्या का चुकतात, हे तिथे सरळ दिसत होते.

ते पान वहिनींनी उलटलेच नव्हते. मग त्याला जवळ बसवून आम्ही तिघांनी ते वाचले.