तेरणेकांठचीं नाणीं

लातूरकडील मुरुडहून तेर फारसें दूर नाहीं. संत गोरोबाकाकांचें हें गांव म्हणजेच प्राचीन तगर होय, असें फ्लीट या संशोधकानें १९०१ सालीं दाखविलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत तगर हें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठें नगर म्हणून येतें. तेथील जाडेंभरडें व तलम कापड भडोच बंदराकडे जाई; आणि त्याच बंदरांत परदेशचें तांबें, कथील व शिसें उतरे.

या तीन धातूंचें स्मरण ठेवावें. कारण आपल्या सातवाहन राजांचीं बहुतेक नाणीं सोन्याचीं नव्हेत. तीं शिशाचीं, तांब्याचीं किंवा या धातूंच्या मिश्रणाचीं, म्हणजे पोटिनाचीं, आहेत. एका बाजूस हत्ती व कडेनें ब्राह्मी लिपींत राजाचें नांव, दुसऱ्या बाजूस फुलीच्या टोंकांस चार वर्तुळें, हें त्यांचें एक नेहमींचें रूप.

हलक्या धातूचें नाणें म्हणून तें हलकें समजूं नये. त्याच सुमारास, किंबहुना थोडें आधीं, दूर स्पेन देशांतील नगरें कांशाचीं नाणीं पाडीत. त्यांवर भालाईत घोडेस्वार व खालीं इबेरियन लिपींत नगराचें नांव असे. ती लिपि विसाव्या शतकांत गोमेझ-मोरेनो या पंडितानें उलगडली. परंतु अक्षरें वाचतां आलीं तरी ती भाषा आजहि नीट कळत नाहीं. आम्हांस मात्र ब्राह्मी लिपि वाचतां येते आणि प्राकृत भाषाहि कळते. एवढें भाग्य लाभलें असतां आम्ही काय करतों? जुनें नाणें चिंचेनें घांसून लखलखीत करतों, नाहीं तर मोडींत देतों!

१९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपान क्षत्रपाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांतील नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें स्वतःचा ठसा उमटविला होता. नहपानाच्या पराभवाची याहून बोलकी साक्ष कोणती? तो सांठा सोनाराच्या मुशींत गेला असता, तर ही साक्षहि वितळली असती.

म्हणून शेतांत नांगराच्या फाळाला नाणें लागलें, तर तें न घांसतां, कोठें व कशासह सांपडलें हें टिपून ठेवावें. १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील किंमतीचें गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें आवश्यकच आहे. आणि सुटींत मुलांस तेरचें लामतुरे संग्रहालय अवश्य दाखवावें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या वस्तु पाहिल्यावर नाण्याची खरी किंमत तराजूंत होत नाहीं, हें त्यांस निराळें सांगावें लागणार नाहीं.