बैलाच्या पाठीवर मावेल तेवढं घर

बंजाऱ्यांच्या घरात खाट, खुर्ची, कपाट ही मंडळी फार उशिरा आली. गरिबी हे त्याचं एक कारण होतं, पण मुख्य नव्हे. हजारो बैलांचे धनी असलेले नायकसुद्धा जमिनीवरच बसत. बैलाच्या पाठीवर जे चढत नाही ते संसारात ठेवायचंच नाही, असा तांड्याचा हिशेब होता. वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटकातून जे लाखो लोक येतात, त्यांचे पणजे-खापरपणजे याच हिशेबाने जगले. आज त्यांच्यातल्या काही घरांची मुलं दुबईला, दोह्याला, सिडनीला, न्यू जर्सीला आहेत. विमानतळावर सामानाच्या काट्यापुढे उभं राहिलं की प्रश्न पुन्हा तोच येतो: काय चढेल आणि काय मागे राहील? या दोन टोकांमधल्या चारशे वर्षांत घरसामान कसं हललं, ते पाहण्यासारखं आहे.

पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ साली आग्रा-पाटणा भागात फिरत होता. वाटेत त्याला १४,००० बैलांचा तांडा भेटला. सगळे धान्याने लादलेले, प्रत्येकावर चार मोठे मण. बैल त्यांचे स्वतःचे, बायकामुलं आणि सगळा संसार बरोबर, दिवसाची चाल जेमतेम सहा-सात मैल आणि तीही उन्हं उतरल्यावर किंवा चढण्याआधी, असं त्याने लिहून ठेवलं आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन केलं आहे. अशा तांड्याची गाठ पडली की समोरच्या प्रवाशाला रस्ता मोकळा होईपर्यंत थांबून राहावं लागे. दोघांनाही नवल वाटलं ते आकड्याचं. मला नवल वाटतं ते इतक्या मोठ्या गावात एकही टेबल नव्हतं याचं.

लदेणीचं, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याच्या धंद्याचं, मुख्य साधन म्हणजे गोणी. ताग-अंबाडीच्या जाड सुताची, दोन कप्प्यांची, बैलाच्या पाठीवर आडवी पडून दोन्ही कुशींना सारखी लोंबणारी. दोन्हीकडचा भार सारखा हवा. नाहीतर मैलभरात गोणी एका बाजूला कलते, बैलाची पाठ सोलून निघते आणि तो बैल पुढचे कित्येक दिवस बाद. त्यामुळे गोणी भरणं हे हाताच्या अंदाजाचं काम. मुक्कामाला पोचलं की बैल मोकळे सोडायचे आणि गोण्या एकावर एक रचून चौकोनी भिंत उभी करायची. ती पाठ टेकायला, वारा अडवायला आणि रात्री चोराचिलटांपासून आडोशाला. तांड्याचं फर्निचर म्हणायचं तर हेच. दिवसा माल, रात्री घर. बायकांचं कसब याच सामानावर उतरलं: पिशव्या, झोळ्या, बैलांच्या झुली, सगळ्यांवर कवड्या, आरसे आणि टाके. ज्या समाजाला भिंत रंगवता येत नव्हती त्याने गोणी नटवली.

एक बैल मात्र बिनओझ्याचा असे. वऱ्हाडात पोलीस अधिकारी असलेल्या कंबरलेजने १८८२ साली बंजाऱ्यांवर एक टिपण छापलं, त्यात त्याचं वर्णन आहे. हातादिया म्हणजे देवाला वाहिलेला बैल, अंगावर लाल रेशीम, गळ्यात पितळी घंटा, पाठीवर कधीही भार नाही. तो बसेल तिथे मुक्काम. सामानाची इतकी काटकसर करणाऱ्या लोकांनी एक अख्खी पाठ रिकामी ठेवली होती, हे विसरू नये.

संत सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा मानला जातो. त्यांची समाधी पोहरादेवीला आहे आणि म्हणूनच या गावाला बंजाऱ्यांची काशी म्हणतात. महाराजांच्या आठवणीही लदेणीच्याच आहेत. त्यांचा तोळाराम घोडा, त्यांची गुरं, त्यांचे मुक्काम. राजवाडा, सिंहासन असलं काही त्यात फारसं सापडत नाही.

लदेणी जोरात होती तोवर सत्तेलाही तिची गरज होती. १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दख्खनेत लढत होता. असईनंतर वऱ्हाडात अडगाव आणि मग गाविलगड. त्याच्या फौजेला धान्य पोचवणारे बंजारेच. पुढे कापसाचा काळ आला. १८४२ साली एका व्यापाऱ्याने अमरावतीहून एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याच्या वाटेला लावल्याचं जुनं गॅझेटियर सांगतं. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत, १८६७ मध्ये, रेल्वे नागपूरला पोचली आणि खेळ आटोपला. आगगाडीच्या एका खेपेपुढे बैलांचा तांडा कुठे टिकणार? मिठावरच्या सरकारी बंधनांनी उरलेला धंदा बसवला. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. फिरणारा माणूस म्हणजे संशयित, हे सरकारी मत त्यामागे होतं, आणि बंजाऱ्यांनाही अनेक भागांत त्याची झळ बसली. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

मग तांडे जमिनीला टेकले. आजचा वाशीम, यवतमाळ, पुसद, दिग्रस, मानोरा हा सगळा पट्टा असा टेकलेल्या तांड्यांचा आहे. टेकल्यावर सामान आलं, पण एकदम नाही. पहिली आली लोखंडी पेटी, कारण तिला कुलूप लागतं. मग बाज. खुर्ची आली ती शाळामास्तर किंवा तलाठी येणार म्हणून, आणि तो गेला की भिंतीला उलटी लावून ठेवायची. पुढे लग्नात आंदण म्हणून लोखंडी कपाट, पलंग, गादी टेम्पोतून मिरवत जाऊ लागली. हुंड्याचाच हा चाकांवरचा अवतार, त्याचं कौतुक मला नाही. पण तांड्यातल्या लोकांना कपाटाचा मोह का पडला असेल, ते कळतं. कपाट हलवता येत नाही, हेच त्याचं मोल होतं. आता आम्ही इथून हलणार नाही, असं ते कपाट सांगत होतं. गहुलीसारख्या तांड्यातून निघालेले वसंतराव नाईक १९६३ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीवर राहिले, तेव्हा खुर्चीचा अर्थ तांड्याला आणखी एका तऱ्हेने कळला.

सगळेच टेकले नाहीत. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आजही तांड्यांतून भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. ट्रॉलीत पेटी, गोधड्या, पाण्याचा ड्रम, चुलीचं लोखंडी सामान, ताडपत्री, दोन-चार कोंबड्या, कधी शेळी आणि या सगळ्याच्या वर लेकरं. खाट नसते. ती म्हाताऱ्यांबरोबर गावीच राहते. कारखान्याच्या फडावर पाचटाची कोपी उभारायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मोडून परत यायचं. सामान कमी ठेवणं ही लदेणीच्या काळात कामाची रीत होती, इथे ती नाइलाज आहे. दोन्हींना एकच भटकेपण म्हणणारे लेख मी वाचले आहेत. ते मला पटत नाहीत.

विमानाची गोष्ट इकडे बरीच उशिरा सुरू झाली, आणि सुरुवातीला सामानाचा ओघ उलटा होता. आखाताहून येणारा माणूस घर भरण्याच्या वस्तू आणायचा. दोरीने करकचून आवळलेलं खोकं, त्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत नाव, गाव, तालुका, जिल्हा. आत टू-इन-वन, ब्लँकेट, मिक्सर, पुढे व्हीसीआर, त्याच्याही पुढे सपाट पडद्याचा टीव्ही. दुबई, सिंगापूर, बँकॉकहून टीव्हीचं खोकं चेक-इन करून आणणं हा काही वर्षं मध्यमवर्गाचा मोठाच उद्योग होता. रुपया घसरला तशी सरकारने २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट टीव्हीची करमाफी काढली आणि त्यावर ३६.०५ टक्के कर लावला. सामानाच्या पट्ट्यावरची ती चपटी खोकी त्यानंतर झपाट्याने कमी झाली. आयकियाचं दुकान हैदराबादला २०१८ मध्ये आणि नवी मुंबईत २०२० च्या डिसेंबरात उघडलं. त्याआधी दुबईच्या दुकानातून सुटं टेबल बॅगेत घालून आणणारेही होते. त्या दुकानाचं ५५ सेंटीमीटर चौरस छोटं टेबल पाय सुटे करून पट्ट्यावर सहज चढतं.

पाय सुटे करण्याची युक्ती मात्र जुनी आहे. १८५९ साली मिखाएल थोनेटने वाफेवर वाकवलेल्या लाकडाची जी खुर्ची काढली, तिचे मोजके सहा भाग आणि थोडे स्क्रू. सुट्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्या गोल पाठीच्या खुर्च्यांवर तीन पिढ्यांनी चहा-बनमस्का घेतला, त्या याच घराण्यातल्या. आयकियाने १९५६ मध्ये टेबलाचे पाय काढून ते गाडीत घातलं, ही त्या कंपनीची लाडकी कथा. इंग्रज अधिकाऱ्यांची रुडकी खुर्ची तर डिंकाविना, नुसत्या खाचा-पट्ट्यांवर उभी राहणारी; मुक्काम हलला की गुंडाळी. स्वारीवर निघालेला कोणताही माणूस शेवटी तांड्याच्याच हिशेबाला येतो.

आता ओघ इकडून तिकडे आहे. नागपूरहून शारजा आणि दोह्याची थेट विमानं सुरू झाल्यापासून या भागातल्या माणसाला मुंबईचा फेरा घालावाच लागतो असं नाही. हिशेब असा: अमेरिकेच्या मार्गावर बहुतेक ठिकाणी २३ किलोची बॅग, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटीमीटर. आखातात साधारण एकूण वजनावर. जादा पैसे भरूनही एक नग ३२ किलोच्या वर नेऊ देत नाहीत, कारण तो उचलणाऱ्या हमालाची कंबर. बैलाच्या पाठीची काळजी होती, तशी ही माणसाच्या पाठीची. नियम योग्यच आहे.

या मापात मराठी घरातून काय जातं? पाट, चौरंग, देव्हारा, पोळपाट, विळी, पाळण्याच्या कड्या. लाटणं आणि विळी हातातल्या बॅगेत चालत नाहीत, म्हणून सगळं खालच्या सामानात. बंजारा घरातून आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे फेटिया-कांचळी. आरसे, कवड्या, शिक्के यांनी जड झालेला तो पोशाख काट्यावर घरच्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त भरतो.

ओळखीतल्या एका आजोबांनी ऑस्ट्रेलियातल्या नातीसाठी सागवानी चौरंग करवला. सुताराला त्यांनी आधीच बजावलं की पाय पक्के ठोकायचे नाहीत. त्याने पाटाखाली चार पितळी चकत्या बसवल्या, पायांना आटे पाडले. पाय काढून, प्रत्येकाला मोजा चढवून, चारही फेटियाच्या घडीत आडवे आणि पाट बॅगेच्या तळाशी. पॉलिश मागूनपुढून आणि पायांच्या टोकांनाही, कारण कच्चं लाकूड दिसलं की तिथले लोक थांबवतात. उतरल्यावर भरायच्या कार्डावर लाकडी वस्तूंचा प्रश्न होता, आजोबांनी ‘होय’वर खूण केली. तपासनिसाने चौरंग उलटा केला, साल राहिली आहे का पाहिलं, भुंग्याचं भोक किंवा भुसा दिसतो का पाहिलं, आणि परत दिला. दोन-तीन मिनिटांचं काम.

लाकडाची जातही बघावी लागते. सागाला आंतरराष्ट्रीय व्यापाराचं बंधन नाही. शिसव आणि शिसम मात्र २ जानेवारी २०१७ पासून धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीत आले; तयार वस्तूंना दहा किलोपर्यंत सूट आहे, पण आजीची शिसवी आरामखुर्ची त्या सुटीत बसेलच असं नाही. भावना समजते. तरी ती आरामखुर्ची घेऊन विमानतळावर जाणारा माणूस काट्यापुढे रडकुंडीला येतो, आणि मागच्या रांगेतल्यांनाही आणतो. ती जहाजाने पाठवावी, नाहीतर गावीच असू द्यावी. बसायला कोणीतरी असतंच.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. ते पाहायला जरूर जा. आणि घरी माळ्यावर आजीच्या काळची गोणी, झूल किंवा बैलाच्या गळ्यातली घंटा पडलेली असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका; कुणाची, कोणत्या तांड्याची, कशासाठी वापरली, हे चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत बांधून ठेवा. परदेशी जाणाऱ्यांनी चौरंग न्यावा, सुट्या पायांचा, सागाचा, सगळीकडून पॉलिश केलेला. विचारलं तर लाकूड आहे म्हणून सरळ सांगावं.