लाकडावरची अळंबी : खायची कोणती, सोडायची कोणती?



मृग बरसला, आर्द्रा भरून आल्या, चार दिवस झडी लागली आणि मध्येच ऊन पडले, की रानात अळंबी वर येतात. काही वारुळावर येतात, काही कुरणात येतात आणि काही कुजक्या ओंडक्यावर, तोडलेल्या झाडाच्या खुंटावर किंवा वाळल्या फांदीवर येतात. कोकणात आपण त्यांना अळंबी म्हणतो, विदर्भात सात्या आणि टेकोडे ही नावे ऐकू येतात. पण ही नावे बहुतेक जमिनीवरच्या आणि वारुळावरच्या जातींची आहेत. लाकडावरच्या जातींना आपल्याकडे वेगवेगळी नावे फारशी रुळलेली नाहीत. जे दिसेल ते ‘लाकडावरचे अळंबे’ एवढेच. जिथे नाव वेगळे नाही, तिथे ओळखही वेगळी राहत नाही. खरा धोका आहे तो इथेच. म्हणून आज बोलायचे आहे ते फक्त लाकडाच्या अळंब्यांविषयी.

आधी अळंबे म्हणजे काय ते पाहू. लाकडाच्या आत बुरशीचे पांढरे बारीक तंतू पसरलेले असतात. ते लाकूड कुजवतात आणि त्यावरच जगतात. अळंबे हे त्या बुरशीचे फळ. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तसे त्या तंतूंना अळंबे. म्हणूनच एकाच ओंडक्यावर दर पावसाळ्यात तेच अळंबे पुन्हा येताना दिसते. मात्र हे फळ पावसाने फुगते, उन्हाने सुकते, वयाप्रमाणे रंग बदलते. सकाळी पांढरे दिसलेले संध्याकाळी पिवळट होते. तेव्हा नुसत्या रंगावरून किंवा नुसत्या आकारावरून निवाडा करायचा नाही, ही पहिली गोष्ट मनाशी धरा.

आता ज्यांची ओळख पक्की करून घ्यावी अशा दोन जाती पाहू.

पहिली धिंगरी. हिला शिंपला अळंबी असेही म्हणतात, कारण ती शिंपल्यासारखी पसरट असते. ती बहुधा घोसाने, एकावर एक अशी, मेलेल्या लाकडातून बाहेर येते. रंग पांढरा, राखी किंवा फिकट तपकिरी. देठ आखूड, आणि तो मधोमध नसून एका कडेला असतो. छत्री उलटी केली की खाली पातळ पडदे दिसतात आणि ते देठावर खालपर्यंत उतरत गेलेले असतात. देठावर बांगडीसारखे कडे नसते, बुडाशी पिशवी नसते. आतला गर पांढराच असतो.

दुसरे कानासारखे अळंबे. तपकिरी रंग, बोटाने दाबले तर रबरासारखे लवचिक, उजेडापुढे धरले तर काहीसे आरपार दिसणारे. याला खाली पडदे नसतात. सुकले की आक्रसून कडक होते आणि पाण्यात टाकले की पुन्हा फुगते. याच्या शेजारी याच रंगाच्या पातळ, चामड्यासारख्या टोप्या पुष्कळदा उगवतात. त्या ओल्या असल्या तरी कधी लिबलिबीत होत नाहीत. त्या खाण्याच्या कामाच्या नाहीत.

लाखेसारखी चकाकी असलेली लाकडी टोपी तर ओळखायला सोपी, ती भाजीची नव्हेच. पण नारळाच्या बुंध्याशी ती दिसली, तर झाडाचे मूळ आतून कुजते आहे असे समजा आणि कृषी सहायकाला दाखवा.

आता येऊ या बहुरूप्यांकडे, म्हणजे चांगल्यासारखे दिसून फसवणाऱ्यांकडे.

धिंगरीसारखीच, पण नखाएवढी लहान, देठ जवळजवळ नसलेली शिंपली फांद्यांवर रांगेने उगवतात. वरून ती पांढरी दिसतात, पण पिकल्यावर त्यांचे पडदे तपकिरी होतात. ‘ही धिंगरीची पिल्ले असतील’ असे म्हणून ती टोपलीत टाकू नका. मेलेल्या माडाच्या खोडावर तांबूस-पिवळ्या छत्र्यांचे घोस येतात, त्यांची धूळ गंजासारखी असते आणि चव कडू. तीही सोडा. थंड हवेच्या मुलखात सडक्या लाकडावर गॅलेरिना नावाचे एक बारीक तपकिरी अळंबे येते. दिसायला अगदी गरीब, पण त्यातले विष माणसाचे यकृत निकामी करते. म्हणून लाकडावरचे बारीक तपकिरी अळंबे, मग ते कोणतेही असो, घरी आणायचे नाही.

जपानात धिंगरीसारखेच दिसणारे एक विषारी अळंबे बीच जातीच्या झाडांवर येते. ते रात्री मंद उजळते आणि देठाजवळ चिरले तर आत काळसर डाग दिसतो. ते खाल्ले की थोड्याच वेळात उलट्या सुरू होतात. इथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्या भीमाशंकरच्या रानातही पावसाळ्यात कुजके लाकूड रात्री चमकते, आणि तीही बुरशीचीच करणी असते. परंतु चमकणे ही विषाची खूण नव्हे आणि न चमकणे ही खात्री नव्हे.

चीनच्या युन्नान प्रांतातली हकीकत तर प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. तिथल्या डोंगरी खेड्यांत पावसाळ्यात धडधाकट माणसे अचानक मरत. सुमारे ३० वर्षांत असे जवळजवळ ४०० मृत्यू झाले. २०१० च्या सुमारास शोध करणाऱ्यांनी बोट ठेवले ते मेलेल्या लाकडावर उगवणाऱ्या एका लहानशा फिकट अळंब्यावर. बाजारात त्याला भाव नव्हता. चांगली अळंबी लोक विकायला नेत आणि उरलेले हे क्षुल्लक अळंबे घरी शिजवत. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले ते २०१२ मध्ये, तोवर ते त्यांच्याही यादीत नव्हते! पाहा बरे, ‘एवढ्याशाने काय होते?’ हा विचार किती महाग पडला.

आणखी एक फसगत अशी, की लाकडाजवळचे अळंबे लाकडावरचे समजले जाते. झाडाच्या बुंध्यालगत मातीतून वर आलेली पांढरी किंवा हिरवट छत्री ॲमानिटा या अतिविषारी कुळातली असू शकते. हिचे देठ मधोमध असते, त्यावर बहुधा कडे असते आणि बुडाशी मातीत पिशवी असते. वरून खुडले तर पिशवी मातीतच राहते आणि विषाची खूणही तिथेच राहते. म्हणून ओळख पटवायची असेल तेव्हा चाकूने माती उकरून बुडासकट काढा. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ माणसे दगावली, त्यांत चहाच्या मळ्यांवरची बरीच होती. ही माणसे काही रानाला परकी नव्हती.

आता आपल्याकडच्या समजुती तपासू. कोणी म्हणते, भाजीत चांदीचे नाणे टाका, काळे पडले तर विष. कोणी लसूण टाकतो. कोणी म्हणतो, किड्याने खाल्ले म्हणजे माणसाला चालेल. कोणी पहिले पाणी ओतून देतो, कोणी ताकात भिजवतो. बंधूंनो, यांतली एकही परीक्षा खरी नाही. ॲमानिटाच्या विषाने नाणेही काळे पडत नाही आणि लसूणही नाही. गोगलगाई तिला खुशाल खातात. हे विष शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. चवही कडू नसते, चांगली लागते.

मग खरी परीक्षा कोणती? गुरुजनहो, ही तुम्ही शाळेत करून दाखवू शकाल. पिकलेल्या अळंब्याची छत्री देठापासून कापा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद घ्या. पडद्यांची बाजू खाली करून छत्री त्यावर ठेवा, वर पेला पालथा घाला आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी कागदावर बारीक धुळीचा ठसा उमटलेला दिसेल. ही धूळ म्हणजे अळंब्याचे बी, त्याला बीजाणू म्हणतात. धिंगरीचा ठसा पांढरा किंवा किंचित जांभळट येतो. त्या बारीक शिंपल्यांचा आणि गॅलेरिनाचा तपकिरी येतो. मुलांना हात धुवायला लावा आणि कोणी चाखून पाहणार नाही याकडे लक्ष ठेवा.

मात्र या ठशाचा अर्थ नीट समजून घ्या. तपकिरी ठसा आला, तर ती धिंगरी नव्हे, हे पक्के. पांढरा ठसा आला, तर ती धिंगरीच, असे मात्र नाही, कारण ॲमानिटाचा ठसाही पांढराच असतो. ठसा ‘नाही’ म्हणायला शिकवतो, ‘हो’ म्हणायला नव्हे. ‘हो’ म्हणायचे तर लाकूड, देठाची जागा, पडदे, बूड, गर आणि ठसा या सगळ्या खुणा एकाच जातीकडे बोट दाखवणाऱ्या हव्यात. शिवाय ती जात वर्षानुवर्षे ओळखणारे, खाणारे वडीलधारे माणूस शेजारी हवे. एक जरी खूण जुळली नाही, तरी टाकून द्या.

रानात जाताना काही नियम पाळा. वेगवेगळी अळंबी एका टोपलीत मिसळू नका. फार कोवळी कळी घेऊ नका, कारण तीत खुणा उमटलेल्या नसतात. सडलेली, किडलेली घेऊ नका. डांबर किंवा औषध लावलेल्या खांबांवरची तोडू नका. ओळखीचे अळंबेही पहिल्या वेळी थोडेच आणि शिजवूनच खा, आणि एक कच्चे अळंबे कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. लहान मुलांना नवे अळंबे देऊच नका.

आणि इतके करूनही त्रास झालाच तर? उलट्या-जुलाब तासा-दोन तासांत सुरू झाले तरी दवाखाना गाठायचाच. पण सहा ते बारा तास किंवा त्याहून उशिराने सुरू झाले, तर मामला फार गंभीर समजा. ॲमानिटाचे विष असेच उशिरा बोलते. दुसऱ्या दिवशी रोग्याला बरे वाटू लागते, घरचे निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी आत यकृत बिघडत असते. म्हणून बरे वाटले तरी थांबू नका. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ वर फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात चला. बाजूला ठेवलेले अळंबे बरोबर घ्या, किती वाजता खाल्ले ते सांगा, आणि ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास होत असो वा नसो.

शेवटी एक सोयीची गोष्ट. धिंगरीची चव घ्यायला रानातच गेले पाहिजे असे नाही. भाताचा पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून घ्यावा. भोके पाडलेल्या पिशवीत तो थराथराने भरावा आणि प्रत्येक थरावर धिंगरीचे बियाणे पेरावे. पिशवी सावलीत, ओलसर जागी ठेवली, की पंधरा-वीस दिवसांत तंतू पेंढा व्यापतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तोडणी सुरू होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात या विषयाचे काम चालते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करावी. शाळेच्या पडवीतही अशी एक पिशवी टांगता येईल. मुलांना खरी धिंगरी रोज डोळ्यांपुढे दिसली, की रानातला बहुरूपी त्यांना लवकर ओळखता येईल.

रान आपल्याला पोसते, हे खरे. पण ते पोसते ओळखणाऱ्याला. तेव्हा एवढे लक्षात असू द्या : पूर्ण ओळख पटली तर भाजी, जराशी शंका आली तर माती.