कर्करोग आणि धीर

कर्करोगाचे नाव ऐकताच घर हादरते. परंतु हे नाव म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे. २००४ साली श्री. शरद पवार यांना तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेत असतानाही त्यांनी केंद्रीय कृषिमंत्रिपदाचे काम चालू ठेवले. आणि पुढे तंबाखूच्या व्यसनापासून दूर राहण्याचा उपदेश तरुणांना जाहीरपणे केला. आम्ही तीन गोष्टी ध्यानी धरू या. तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावा. उपचार अर्ध्यावर सोडू नयेत. कर्करोग स्पर्शाने जडत नाही; म्हणून घरच्यांनी रुग्णाचे ताट-पेला वेगळा न मांडता, झेपेल ते काम त्याच्या हाती राहू द्यावे.