वाटी रिकामी परत करू नये

शेजारणीने वाटीभर काही दिलं तर वाटी रिकामी परत करायची नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या आमच्या बैठकीचाही नियम हाच आहे. एकाची तबकडी दुसऱ्याने महिनाभर घरी न्यायची आणि परत आणताना तिच्याबरोबर आपलं मत आणायचं. नुसतं 'छान होती' चालत नाही. काय छान होतं, कुठे होतं, आणि जे नाही आवडलं ते का, हे सांगावं लागतं.

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही सहासात जण कुणाच्या तरी घरी जमतो. चहा झाला की पंखा बंद करतात, कारण खरखरीमागचा तंबोरा ऐकायचा तर पंख्याची घरघरही आड येते. यजमान लेबल कुणाला दाखवत नाहीत. आधी ऐकायचं, नाव नंतर. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. तेवढा वेळ सगळे गप्प. मग एकेकाने बोलायचं. ज्याची तबकडी, त्याने सगळ्यांत शेवटी.

ही तबकडी लाखेच्या मिश्रणाची. हातून निसटली तर तुकडेच होतात. स्टीलची सुई दर बाजूला बदलली नाही तर खाचा झिजतात आणि झिजलेला सूर परत येत नाही. म्हणून ती उसनी देणं हा मोठा विश्वास आहे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ऊन डोक्यावर घेत, धुळीच्या ढिगातून एकेक तबकडी उलटत ज्याने ती मिळवली, त्याने ती दुसऱ्याच्या पिशवीत ठेवताना नुसतं 'कडेने धर' एवढंच म्हणावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण दिल्याशिवाय भागतही नाही. कोणाही एकाच्या कपाटात संगीताचा इतिहास मावत नाही. अल्लादिया खाँसाहेबांचंच पाहा. जयपूर-अत्रौली गायकीच्या या प्रवर्तकाची एकही तबकडी नाही. त्यांचा आवाज आपल्याला शिष्यांच्या गळ्यांतूनच शोधावा लागतो. आमच्यात एकाकडे केसरबाई केरकरांच्या तबकड्या आहेत, दुसऱ्याकडे मोगूबाई कुर्डीकरांच्या, तिसऱ्याकडे मल्लिकार्जुन मन्सूरांच्या. मन्सूरांना ही तालीम खाँसाहेबांच्या मुलांकडून, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडून मिळाली. एका रविवारी तिन्ही कपाटं एकत्र आली. तीन आवाज पाठोपाठ ऐकल्यावर तिघांमध्ये काय समान आहे ते कानांना दिसू लागलं: लयीला न सोडणारी, वळणावळणाने पुढे जाणारी तान आणि समेवर येण्यातला तो डौल. जो माणूस कधी ध्वनिमुद्रित झाला नाही, त्याची सावली त्या खोलीत पडली होती. एकट्याच्या संग्रहातून हे झालं नसतं.

अशा विखुरलेल्या कपाटांना जोडण्यासाठी १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था उभी राहिली. ऑस्ट्रेलियातले रेकॉर्ड-अभ्यासक मायकेल किनियर यांचा त्यात पुढाकार होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी मानद सचिव म्हणून ती वर्षानुवर्षं चालवली. 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचं नियतकालिक. संस्थेच्या ऐकण्याच्या बैठकी होत आणि सोलापूर, नांदेड, तुळजापूर अशा गावांतले संग्राहकही तिच्याशी जोडले गेले. एखाद्या गायिकेच्या तबकड्या किती, त्यांचे क्रमांक कोणते, हे सारं संग्राहकांनी एकमेकांना विचारून, तपासून, चुका दाखवून ठरवलं. कपाटं उघडली म्हणून इतिहास लिहिता आला.

चूक दाखवण्याचं मोल आमच्या बैठकीला एकदा फार जवळून कळलं. एका सभासदाने शतकापूर्वीची एक तबकडी आणली. गायिकेचा आवाज कोवळा, तानेला विलक्षण वेग. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेटी वाजवणारे एक काका मात्र शेवटपर्यंत गप्प होते. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "तबकडी पळतेय."

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झालं. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेस्बर्ग यांनी तेव्हा गौहर जान यांना गायला लावलं होतं. त्या सुरुवातीच्या काळात वेग पक्का ७८ नसे. कधी त्याहून कमी, कधी जास्त. कमी वेगाने घेतलेली तबकडी ७८ वर लावली की आवाज वर चढतो. मिनिटाला साडेचार फेऱ्यांचा फरक पडला तरी पांढरी एकच्या जागी काळी एक होते. काकांनी यंत्राचा वेग हळूहळू उतरवला. कोवळी मुलगी बघता बघता प्रौढ बाई झाली. ताना शांत झाल्या आणि दोन तानांमधला तिचा श्वास पहिल्यांदा ऐकू आला. तबकडीचा मालक वीस वर्षं वेगळीच बाई ऐकत आला होता. तो काकांच्या पाया पडला.

मैफिलीत असं बोलता येत नाही. समोर कलावंत असतो, त्याचा मान असतो. सूर हलला तरी आपण 'वा' म्हणतो आणि तेच योग्य असतं. तबकडीसमोर कुणाचं मन मोडत नाही, म्हणून तिथे खोटी दाद द्यायचं कारणच उरत नाही. मला वाटतं, ध्वनिमुद्रणाने श्रोत्याला दिलेलं सगळ्यांत मोठं देणं हेच: निर्भयपणे ऐकायची मुभा.

पण ती मुभा घ्यायला शिकावं लागतं. मी बैठकीत नवा असताना काकांनी मला किशोरी आमोणकरांची बागेश्री आणि भूप असलेली एलपी दिली. महिन्याने मी मोठमोठी विशेषणं घेऊन आलो. ते म्हणाले, "हे वाचलेलं आहे. ऐकलेलं सांग." आणि एलपी पुन्हा माझ्याच हातात ठेवली. दुसऱ्या खेपेला मी चाचरत कबूल केलं की बागेश्री मला धरून ठेवते, पण भूप ऐकताना मी मध्येच हरवतो. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी रेकॉर्ड लावली आणि म्हणाले, "कुठे हरवतोस तिथे हात वर कर." मी हात वर केला. त्यांनी सुई उचलून थोडी मागे ठेवली. तीच जागा आम्ही चार वेळा ऐकली. चौथ्यांदा मी हात वर करायला विसरलो.

तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरात एक कोरी चिठ्ठी ठेवतो. परवा एका कॉलेजच्या मुलीकडून एक एलपी यायची होती. रेकॉर्ड आली नाही, चिठ्ठी तेवढी आली. तिच्यावर लिहिलं होतं: 'दुसरी बाजू आवडली नाही. का, ते अजून सांगता येत नाही. आणखी एक महिना ठेवते.'