ऊन राखणारी घरं

जानेवारीतल्या दुपारी लेहमध्ये उन्हात बसलं की अंगावरचं जाकीट काढावंसं वाटतं, आणि चार पावलं सावलीत गेलं की हुडहुडी भरते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या या गावात हिवाळ्यातल्या रात्री पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. हवा मात्र विरळ आणि कोरडी, आकाश बहुतेक दिवस निरभ्र. त्यामुळे दिवसा ऊन भरभरून मिळतं, आणि रात्री ऊब अडवायला ढगच नसल्याने छपराची, जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. दिवसाचं ऊन किती आत घेतलं आणि रात्रभर त्यातलं किती राखलं, यावरच लडाखमधल्या घराची परीक्षा होते.

घर जितकं लहान, तितकं हे राखणं अवघड. साधा हिशेब पाहा. ३ मीटर लांब, रुंद आणि उंच अशी सुटी खोली घेतली, तर जमीन धरून सहाही बाजूंचं क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर आणि आतली जागा २७ घनमीटर. म्हणजे दर घनमीटर हवेमागे उष्णता बाहेर जायला २ चौरस मीटर वाट. १२ मीटरच्या तशाच चौकोनी इमारतीत हे प्रमाण अर्ध्या चौरस मीटरवर येतं. लहान खोलीची ऊब पळायला चौपट वाव.

जुन्या लडाखी घरांनी यावर आपल्या परीने तोड काढली. तळमजल्यावर गोठा, वर माणसांची वस्ती. जनावरांच्या अंगची ऊब वर येणार. हिवाळ्यात बाकीच्या खोल्या सोडून सगळं कुटुंब स्वयंपाकघरात, चुलीभोवती मुक्काम हलवी. खिडक्या छोट्या, भिंती जाडजूड मातीच्या. गच्चीवर चारा आणि सरपण रचून ठेवलेलं. छप्पर म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या धाब्याचंच भावंड: पॉप्लरची तुळई, त्यावर विलोच्या काटक्या, वर मातीचा थर आणि पाणी अडवायला मार्कालाक नावाची चिकणमाती. वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडणाऱ्या मुलखात एवढं पुरत होतं. ऊन आत घेण्याची सोय मात्र या घरांत बेताचीच होती, आणि चुलीचा धूर घरातच कोंडायचा.

ती उणीव भरून काढणारी युक्ती फ्रान्समधून आली. पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो इथे फेलिक्स त्रोंब या अभियंत्याने झाक मिशेल या वास्तुरचनाकाराबरोबर १९६७ साली सूर्यावर तापणारं घर बांधलं. दक्षिणेची जाड भिंत गडद रंगवायची आणि तिच्यापुढे थोडी फट ठेवून काच लावायची, एवढंच त्याचं तंत्र. काचेतून आलेलं ऊन भिंत तापवतं, पण ती उष्णता काचेबाहेर सहज जात नाही. फूटभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून ती आतल्या बाजूला पोचायला आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारचं ऊन नेमकं थंडीच्या रात्री खोलीत उतरतं. लेह ३४ अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो आणि किरणं उभ्या काचेवर जवळजवळ समोरून पडतात. जूनमध्ये तो ७९ अंशांवर जातो. तेव्हा छोटीशी पडवीही सावलीला पुरते.

लडाखी अभियंते सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली सुरू केलेल्या ‘सेकमॉल’ या शैक्षणिक संस्थेचं लेहजवळच्या फे गावालगतचं संकुल याच विचारावर उभं आहे. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंती, दक्षिणेला काच, आणि हिवाळ्यापुरतं दर्शनी बाजूला लावायचं प्लास्टिकचं हरितगृह. बाहेर उणे १५ असताना आत १४-१५ अंश राहतात, असा संस्थेचा अनुभव. तिथल्या इमारतीला २०१६ साली मातीच्या बांधकामासाठीचा आंतरराष्ट्रीय ‘टेरा’ पुरस्कार मिळाला.

हीच भिंत उचलून नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला नेली तर काय होईल? तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तिथलं लहान घर तगतं ते जाड उष्णतारोधक थरावर आणि वारा शिरू न देणाऱ्या सांध्यांवर. सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये तर घराची ऊबच घराच्या मुळावर येते. ती खालच्या कायम गोठलेल्या जमिनीत उतरली की जमीन भुसभुशीत होऊन पाया खचतो; म्हणून इमारती खांबांवर उचलून खालून थंड हवा खेळती ठेवतात. तापमापकावर तिन्ही गावं थंडच, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

लेहमध्ये आता सिमेंटची घरं, चारही बाजूंना मोठ्या काचा आणि खोलीत बुखारी म्हणजे शेगडी, असा थाट वाढतो आहे. उत्तरेच्या काचेतून हिवाळ्यात थेट ऊन येत नाही, ऊब तेवढी जाते. मातीपेक्षा काँक्रीटमधून उष्णता साधारण दुपटीने निसटते, आणि बुखारी विझली की खोली गार पडते.

तरीही काँक्रीटकडे वळणाऱ्यांना नावं ठेवता येत नाहीत. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. दोनशेहून अधिक माणसं गेली. चिखलाच्या लोंढ्यापुढे मातीची घरं टिकली नाहीत. शंभर मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेलं धाबं मोठ्या पावसात गळतं, म्हणून लोक त्यावर पत्रा घालतात. पत्रा पाणी घालवतो, पण ऊब धरत नाही. दगडी जोतं, पुढे आलेली वळचण, छतात उष्णतारोधक थर आणि त्यावर पाणी न झिरपू देणारं आवरण, एवढी जोड मिळाली तर मातीची भिंत पावसातही तग धरते. ओढ्याची वाट सोडून जागा निवडणं त्याहून आधीचं. थंडीचं गणित लडाखने सोडवलं आहे. आता तेच घर ओल्या ऑगस्टसाठीही बांधावं लागेल.