चिमूटभर सर्पगंधा

आज हळदीचं प्रकरण पुढे न्यायचं ठरलं होतं. आतड्यात घुटमळणारं कुर्क्युमिन आणि त्याला रक्तात ढकलणारी मिरी, इथवर गोष्ट आली होती. पण मधेच सातारा जिल्ह्यातून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आणि हळदीला आठवडाभर थांबावं लागलं.

पत्र असं : बारा वर्षं रक्तदाबाची गोळी चालू आहे. ओळखीच्या गृहस्थांनी सर्पगंधेच्या मुळीची पूड आणून दिली. रोज सकाळी कोमट पाण्याबरोबर चिमूटभर घेतात. आठ दिवसांत दाब चांगला उतरला. आता गोळी बंद केली तर चालेल का? शेवटी एक ओळ सहज घातल्यासारखी आहे. हल्ली नाक चोंदलेलं असतं, दुपारी गळून गेल्यासारखं होतं, हवा बदलली म्हणून असेल.

ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. तिच्याकडे यायचं, पण आधी त्या मुळीची ओळख हवी. झाडपाल्याच्या औषधाचं सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी पाहायची, तर सर्पगंधेसारखं दुसरं उदाहरण भारतात शोधून सापडणार नाही.

गुडघ्याएवढं झुडूप. पेरावर बहुधा तीन-तीन पानं, लालसर देठांवर पांढरी-गुलाबी फुलं, पिकल्यावर काळीजांभळी होणारी फळं. दमट, सावलीच्या रानात ते वाढतं, पश्चिम घाटातही. मराठीत त्याला अडकई, हरकी अशीही नावं आहेत. मूळ कडूजहर. बिहारकडे त्याचं जुनं नाव ‘पागल की दवा’, आणि ते उगाच पडलेलं नाही. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधा उपयोगी पडत असल्याचा निबंध छापला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतली अल्कलॉइडं वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ हे नाव दिलं. हृदयाच्या ठोक्यांचा ब्रुगाडा नावाचा छुपा दोष उघड करण्यासाठी युरोपातल्या रुग्णालयांत आजही अजमलीनचं इंजेक्शन देतात.

हे सगळं भारतातच राहिलं असतं. जगाचं लक्ष तिकडे वळवलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. लंडनहून शिकून आलेले, केईएममध्ये काम करणारे हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना मुळीच्या गोळ्या दिल्या, दाबाचे आधीचे आणि नंतरचे आकडे मांडले आणि १९४९ मध्ये ते ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. ‘गुण येतो’ असं वैद्य आणि हकीम पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. किती जणांना येतो आणि दाब किती उतरतो, हे वकिलांनी मोजून दाखवलं. तो निबंध वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सीबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पीन वेगळं काढलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पीन काम कसं करतं? मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. रक्तवाहिन्या आवळायला लावणारं नॉरॲड्रीनलीन त्यांत साठवलेलं असतं. रेसर्पीन या पिशव्यांचं दारच बंद करतं. आत जाऊ न शकलेला माल बाहेरच मोडीत निघतो, पिशव्या रित्या होत जातात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. साठा संपायला वेळ लागतो, म्हणून पुरता परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. औषध थांबवल्यावरही तो लगेच ओसरत नाही.

शिक्षकांच्या हिशेबातली पहिली चूक इथे आहे. त्यांची जुनी गोळी चालूच होती. पूड सुरू होऊन फक्त आठ दिवस झाले होते. दाब उतरला तो गोळीने, पुडीने, की दोघींनी मिळून, हे सांगता येत नाही. पुडीचा खरा भर तर पुढच्या पंधरवड्यात पडायचा आहे, तोही गोळीच्या वर.

आता ती शेवटची ओळ. नाक चोंदणं, मरगळ, मंदावलेली नाडी, पोटात वाढलेलं आम्ल ही रेसर्पीनची ठरलेली लक्षणं आहेत. हवेचा त्यात काही संबंध नसण्याचीच शक्यता जास्त. रेसर्पीन मेंदूतही पोहोचतं आणि तिथल्या सेरोटोनिन, डोपामीनच्या पिशव्याही रित्या करतं. भरपूर मात्रेत औषध दिलं जायचं त्या १९५० च्या दशकात काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी झाल्या. नैराश्याचं मूळ मेंदूतल्या रसायनांच्या तुटवड्यात असावं, या पुढे गाजलेल्या कल्पनेला चालना मिळाली ती बऱ्याच अंशी याच नोंदींमुळे.

म्हणजे मग औषध वाईट? मुळीच नाही. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष तिच्यात होते. ७० जणांना नुसत्या दिखाऊ गोळ्या, ७३ जणांना तीन औषधं एकत्र, आणि त्या तिघांतलं एक रेसर्पीन. दिखाऊ गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला, औषधांच्या गटात दोघांवर. रक्तदाब उतरवला की माणसं वाचतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणाऱ्या पहिल्या चाचण्यांतली ही एक. त्या यशात आपल्या रानातल्या मुळीचा वाटा आहे, याचा अभिमान जरूर वाटावा.

फक्त तिथे मात्रा मोजलेली होती. चिमटीत ती मोजता येत नाही. अमेरिकी औषधसंहितेच्या प्रमाणाप्रमाणे मुळीत रेसर्पीन गटाची अल्कलॉइडं किमान ०.१५ टक्के असावी लागतात. म्हणजे २०० मिलिग्रॅम पुडीत ०.३ मिलिग्रॅम. रेसर्पीनच्या गोळीची रोजची नेहमीची मात्रा ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. आता कुणाची चिमूट ३०० मिलिग्रॅमची, कुणाची ६००ची. सहाशेची धरली तर पोटात ०.९ मिलिग्रॅम जातं, गोळीच्या वरच्या मर्यादेच्या साडेतीनपटीहून जास्त. शिवाय ०.१५ हा किमान आकडा आहे. झाड कोणत्या रानातलं, किती वर्षांचं, मूळ कधी खणलं, यावर तो बदलतो. सर्पगंधेची भावंडंही बाजारात तिच्याच नावाने खपतात, आणि त्यांच्यातलं रेसर्पीनचं प्रमाण वेगळं असतं.

मुळीत अल्कलॉइडं पन्नासांहून अधिक आहेत. अखंड मूळ आणि एकटं रेसर्पीन यांचा परिणाम सारखा नसतो, हे वैद्यांचं म्हणणं त्यामुळे झटकून टाकण्याजोगं नाही. पण जाणता वैद्यही नाडी पाहिल्याशिवाय, चालू औषधं विचारल्याशिवाय सर्पगंधा देत नाही.

तेव्हा शिक्षकांसाठी उत्तर असं. गोळी स्वतःहून बंद करू नये. पुडीची पुरचुंडी खिशात घालून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं, ती त्यांच्यासमोर ठेवावी, रोज किती आणि कधीपासून घेतो ते सांगावं, नाडी मोजून घ्यावी आणि नाकाची, मरगळीची तक्रारही सांगावी. पूर्वी कधी नैराश्याचा आजार झालेला असेल, पोटात अल्सर असेल किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर सर्पगंधेच्या वाटेला जाऊच नये.

सर्पगंधेचं आणखी एक दुःख सांगायचं राहिलं. तिचं औषध मुळात आहे, म्हणून ते काढायचं तर झाडच उपटावं लागतं. मागणी वाढली तशी रानं रिकामी होत गेली, आणि १९९० पासून सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटिस’ कराराच्या नियंत्रणाखाली आहे. लागवडीचे प्रयोग, बियांची कमी उगवण, मुळांच्या तुकड्यांपासून केलेली रोपं हा विषय एका पूर्ण लेखाचा आहे. तो हळदीनंतर. पुढच्या आठवड्यात मात्र मिरीपासूनच सुरुवात.